बदाम मीच भरले

"उद्या सकाळी अकराला गाडी येणार आहे. बाबांना वृद्धाश्रमात न्यायला," ती म्हणाली. "आणि बाबा कालपासून बॅग भरून बसलेत."

अहोंनी खुर्ची पुढे केली. ती बसलीच नाही.

खासगी चौकशी करणाऱ्या बाईचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतंय कोण. डोळे घारे, नजर घारीची, म्हणून सगळे तिला घारू म्हणायचे. घारू नवऱ्याला दिवसातून शंभरदा 'अहो' म्हणायची, म्हणून अख्खी गल्ली त्यांना अहोच म्हणायची. अहो बसचे रिटायर्ड कंडक्टर. गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायची, नाही असं नाही. फक्त प्रत्येक स्टॉप घेत शिरायची.

"सुरुवातीपासून सांग," घारू म्हणाली. "आणि बस. उभी राहून वेळ वाचत नाही."

बाबांची लेक बसली.

"माझी भावजय घरी चॉकलेटची कँडी करते. ओव्हन वगैरे काही नाही. चॉकलेट वितळवायचं, भाजलेल्या बदामाचे तुकडे घालायचे, ट्रेत ओतायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं. घट्ट झालं की चौकोनी वड्या. दुकानात जातात त्या. आता बाबांच्या खालच्या मजल्यावर एक सात वर्षांचा मुलगा आहे, चिमणा. त्याला बदाम, काजू, अक्रोड, काही म्हणजे काही चालत नाही. घसा सुजतो. म्हणून त्याच्यासाठी दर शनिवारी वेगळी कँडी. त्यात बदामाऐवजी सूर्यफुलाच्या बिया. लाल झाकणाच्या डब्यात सहा. डबा बाबा भरतात."

"आणि परवाच्या शनिवारी?"

"चिमण्याने दोन खाल्ल्या. दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकला. हॉस्पिटलात नेलं म्हणून वाचला. काल घरी आलाय. त्याच्या आईने घाबरून उरलेला डबा कचऱ्यात ओतला आणि कचरा गेला. डॉक्टर म्हणाले, याच्या पोटात सुका मेवा गेलाय."

"बाबा काय म्हणाले?"

लेकीने पदराची घडी घातली, मोडली, परत घातली.

"हॉस्पिटलात सगळे एकमेकांवर ओरडत होते, डबा कोणी भरला म्हणून. बाबा पुढे झाले. म्हणाले, 'बदाम मीच भरले. माझ्या हाताने.' तेव्हापासून नीट जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. माझा भाऊ बाहेरगावी असतो. तो फोनवर म्हणाला, बाबांचं डोकं चालेनासं झालंय, घरात ठेवणं धोक्याचं आहे. मी म्हटलं माझ्याकडे चला. तर म्हणतात, माझ्या हातून झालंय, मी जातो."

"मग झालंच की," अहो म्हणाले. "माणूस स्वतः कबूल करतोय."

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. मोहरीएवढा स्क्रू नुसत्या बोटाने ओळखतात. ते दोन कँड्यांमध्ये चुकतील?"

घारू उठली. "अहो, चपला घाला."

*

सूनबाईंचं स्वयंपाकघर लहान, पण लखलखीत होतं. दुकानाची ऑर्डर होती, त्यामुळे आजही काम चालू होतं. ओट्यापाशी एक बाई खसाखसा बदाम कापत होती. तिची जीभ सुरीपेक्षा जोरात चालायची, म्हणून तिला विळीबाई म्हणायचे. तिच्या तोंडावरही म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

"चौकशीला आलात?" सून म्हणाली. आवाज थकलेला होता. "वन्संनी बोलावलं असेल. विचारा. मी हातातलं सोडू शकत नाही."

"सोडू नकोस. करता करता दाखव."

सुनेने पातेल्यात चार बोटं पाणी घेतलं, गॅस बारीक केला आणि वर काचेचा वाडगा ठेवला.

"वाडग्याचं बूड पाण्याला टेकू द्यायचं नाही. चॉकलेट वाफेवर वितळतं. चमचा कोरडा, हात कोरडे. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट रुसतं."

"रुसतं?" अहोंनी विचारलं.

"गोळा होतो हो. रवाळ, कोरडा. मग कितीही ढवळा. साच्यात ओतायच्या कामाचं राहत नाही."

"शेवटचं कधी रुसलं होतं?" घारूने सहज विचारलं.

सुनेचा चमचा वाडग्यात थांबला. मग परत फिरायला लागला. "शिकत होते तेव्हा. आता नाही होत."

"आणि चिमण्याची कँडी?"

सुनेने वरच्या फळीवरून मऊ रबरी साचा काढला. लाल, सहा खळ्यांचा. "ही त्याची हार्टं. याला बदामाचं बोटसुद्धा लागू देत नाही मी. वाडगा वेगळा, चमचा वेगळा. बघा, वर नेलपॉलिशची खूण केलीय."

"शनिवारी याच साच्यात केलीस? बिया घालून?"

"दर शनिवारी करते."

घारूने मान हलवली. उत्तर ऐकलं, पण घेतलं नाही.

"अहो दादा, उभेच आहात तर खालच्या खणातून बर्फ काढा," विळीबाई म्हणाली. "पाहुण्यांना पाणी तरी गार देऊ."

अहोंनी फ्रीजर उघडला. बर्फ मिळायला वेळ लागला, कारण मध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी चॉकलेटी दिसलं. चॉकलेटी दिसलं की अहोंचा हात आपोआप जायचा. त्यांनी एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला.

"दगड आहे हा," ते चावत म्हणाले. "रव्यासारखा लागतोय. आणि बिया अडकतायत दातांत."

सुनेने गॅस सोडून फॉइल त्यांच्या हातातून काढून घेतलं. "जुनं आहे ते. टाकायचं राहिलंय."

"अहो," घारू म्हणाली, "लोकांच्या फ्रीजमध्ये तोंड घालू नका." पण तिने नवऱ्याकडे जरा प्रेमाने बघितलं. अहोंना वाटलं, आज काय झालंय हिला?

*

विळीबाईला घारूने बाहेर गॅलरीत घेतलं.

"माझ्या सुरीचं नाव काढायचं नाही हं," विळीबाईने आधीच सांगितलं. "माझी सुरी चौकोनी वड्यांपुरती. त्या साच्याच्या वाटेला मी जात नाही. सूनबाई जाऊच देत नाही."

"शनिवारी किती वाजता आलात?"

"दहाला. आले तर सिंकमध्ये चहाची गाळणी, जाळीत चॉकलेट अडकलेलं. घासून घासून माझी नखं गेली. आमच्या कँडीत गाळायचं काय असतं, तुम्हीच सांगा."

"तुम्ही विचारलं नाही?"

"मी न विचारता राहते का? म्हणाली, कोको चाळला. अहो, कोकोचा डबा संपून महिना झाला. मीच धुऊन त्यात हळद भरलीय."

"आणखी काही वेगळं?"

विळीबाईने डोळे बारीक केले. "दुकानात दोन ट्रे वड्या जायच्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मीच कापून ठेवल्या होत्या. गेला दीड ट्रे. मला वाटलं, गिळल्या असतील घरातल्यांनी. आपल्याला काय."

अहो मागून घारूच्या कानाशी आले. "हिचाच काहीतरी हात आहे. फार बोलते."

"फार बोलणारी माणसं आपल्या धंद्यात देव असतात. चला."

*

आजोबांच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, टेबलावर घड्याळजीचं भिंग आणि चिमटे. दाराशी बॅग. बॅगेला कुलूपसुद्धा लावून झालं होतं.

आजोबा पत्ते लावत बसले होते. एकट्याने. डाव अडला होता.

"लागत नाही?" घारूने विचारलं.

"एक्कावन्नच आहेत. एक हरवलाय." त्यांनी वर बघितलं नाही.

"आजोबा, डब्यात तुम्ही काय भरलंत?"

"बदाम."

दारातून लेकीने डोळ्याला पदर लावला.

"किती?"

"सहा. चिमट्याने उचलले, कागद घातला, झाकण लावलं."

"चुकून भरले असतील," अहो त्यांना सांभाळून घेत म्हणाले. "वय झालं की होतं."

आजोबांनी पहिल्यांदा मान वर केली. डोळे लाल होते, पण नजर सुईसारखी सरळ. "चुकून कसे? बघून भरले. दर शनिवारी भरतो. चौकटला मी हातसुद्धा लावत नाही. कधीच."

अहो दाराला टेकून उभे होते. त्यांनी चौकटीवरचा हात चटकन काढला.

"मग याच शनिवारी तो आजारी का पडला?" घारूने विचारलं.

"तेच कळत नाही ना." आजोबांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "दिवसरात्र तेच आठवतोय. माझ्या हाताने काय केलं ते मलाच कळत नसेल, तर असा हात लहान पोराच्या आसपास ठेवू नये. म्हणून जातोय. मला कुणी घालवत नाहीये."

जिन्यात आल्यावर अहो हळू म्हणाले, "बघितलंस ना? म्हणतात, दर शनिवारी बदाम भरतो. तसं असतं तर पोरगं केव्हाच... आणि मध्येच दाराच्या चौकटीचं काय काढलं? गेलंय गं त्यांचं डोकं. वाईट वाटतं."

"अहो, तुम्ही आत्ता सगळी केस सांगितलीत."

"मी?"

"हो. फक्त उलटी."

*

चिमण्याच्या आईने दार अर्धंच उघडलं.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "आणि त्या म्हाताऱ्याची बाजू घ्यायला आला असाल तर दोनच."

चिमणा पांघरुणात बसून होता. ओठ अजून जरासे सुजलेले. उशीखालून पत्त्याचं एक टोक बाहेर आलं होतं. त्यावर लाल सात. घारूने बघितलं तसं त्याने ते आत सारलं.

"शनिवारी काय खाल्लंस रे?"

"बदाम."

"ऐकलंत?" आई म्हणाली. "आता सात वर्षांचं पोरही खोटं बोलतं का?"

"अजिबात नाही." घारू पलंगाच्या कडेला बसली. "बिया होत्या का त्यात?"

"नव्हत्या. गुळगुळीत होता. मी म्हटलं बरं झालं, बिया दातात जातात."

"आणि रंग?"

चिमण्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळत नाही. "चॉकलेटी. खायचा बदाम लाल थोडाच असतो."

"औषधांमुळे असं बरळतो अधूनमधून," आई म्हणाली. "झाली पाच मिनिटं."

"झाली. आता तुम्ही वर चला. याला शालीत गुंडाळून घ्या. तिथे काही खायचं नाही, फक्त ऐकायचं."

"मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

"उद्या एक माणूस आपलं घर सोडून चाललाय. त्याने काही केलेलं नाही. याच्या घशात काय गेलं, ते ऐकायचा पहिला हक्क तुमचा आहे. नसेल ऐकायचं तर राहू द्या."

आईने दाराची कडी हातात धरून ठेवली. मग शाल घेतली.

*

आजोबांच्या खोलीत एवढी माणसं कधी मावली नव्हती. लेक बॅगेवरच बसली. सून दाराशी उभी राहिली, हाताला चॉकलेट तसंच. विळीबाई आत यायचं कारण म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन आली. चिमण्याची आई मुलाला घट्ट धरून कोपऱ्यात. आजोबा खाली बघत होते.

घारूने टेबलावरचे पत्ते चाळले आणि एक नवऱ्यासमोर धरला.

"अहो, हा काय आहे?"

"राजा."

"कशाचा?"

"बदा..." अहो थांबले. तोंड उघडंच राहिलं. शेवटचा स्टॉप आला होता.

"आणि हा?"

"चौकटची राणी," अहो कसेबसे म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"दोन दिवस या घरात सगळे बदाम बदाम करत होते," घारू म्हणाली, "आणि एकानेही विचारलं नाही, कुठला बदाम? आजोबा आणि चिमणा दर शनिवारी पत्ते खेळतात. सूनबाई ज्याला हार्ट म्हणते, त्या आकाराला हे दोघं बदाम म्हणतात. चौकोनी वडीला चौकट. आजोबा खरं तेच सांगत होते. बदाम मीच भरले, दर शनिवारी भरतो, चौकटला हात लावत नाही. पोरानेही खरं तेच सांगितलं. बदाम खाल्ला, चॉकलेटी होता, पत्त्यातल्यासारखा लाल नव्हता. आपण ठरवलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं आणि पोरगं औषधाने बरळतंय. ऐकायचे कष्ट कोण घेणार."

तिचा आवाज चढला नाही, पण लेकीची मान खाली गेली.

"म्हणजे बाबांनी बरोबर डबा भरला," लेक म्हणाली. "मग चिमणा..."

"म्हणजे गडबड डब्यात नव्हती. साच्यात होती."

कुणी दाराकडे बघितलं नाही. त्यामुळेच सगळ्यांना कळलं.

"चिमण्याच्या कँडीत बिया असतात. शनिवारी नव्हत्या. मग बियांचं चॉकलेट गेलं कुठे? ते फ्रीजरमध्ये होतं. अहोंनी खाल्लं. रवाळ, दगडासारखं, बिया घातलेलं. या घरात बिया फक्त चिमण्यासाठी घालतात. म्हणजे त्या दिवशी त्याचंच चॉकलेट रुसलं होतं. एक थेंब पाणी. घरात दुसरं साधं चॉकलेट असतं, तर कुणी चहाची गाळणी काढली नसती. पण तयार वड्यांचे दोन ट्रे होते. त्यातला अर्धा ट्रे दुकानात पोचलाच नाही, आणि सकाळी दहाला गाळणी चॉकलेटने भरून सिंकमध्ये. वड्या वितळवल्या, बदामाचे तुकडे गाळून काढले आणि खालचं गुळगुळीत चॉकलेट त्या लाल साच्यात ओतलं. तुकडे गेले. बारीक चूर गेला नाही. जाळीतून तो जातो, आणि या पोराला तेवढा पुरतो."

सूनबाई भिंतीला टेकत खाली बसली.

"मला वाटलं, तुकडे काढले म्हणजे बदाम गेला," ती म्हणाली. "चॉकलेट मिळतं ते दुकान अकराला उघडतं. हा साडेदहाला डबा न्यायला येतो. शनिवारी सकाळी सात वाजल्यापासून वाट बघतो. त्याला नाही कसं म्हणायचं? मी दोनदा गाळलं. दोनदा."

"नाही म्हणायचं," चिमण्याची आई म्हणाली. ओरडली नाही. "माझं पोर निळं पडलं होतं. एक शनिवार नाही म्हणायचं."

"हॉस्पिटलात मी सांगणारच होते. खरंच सांगते. तेवढ्यात बाबा म्हणाले, बदाम मीच भरले." सुनेने चॉकलेटचे हात तोंडाशी नेले आणि परत खाली घेतले. "मला वाटलं, त्यांनी वड्याच भरल्या असतील. मग माझ्या हार्टांनी काही झालंच नसेल. दोन दिवस मी तेवढंच धरून बसले."

"तेवढंच धरायचं होतं तुला," घारू म्हणाली. "चूक घाईत झाली, ती मी समजू शकते. पण गाळणीला कोको म्हणालीस, गोळ्याला जुना म्हणालीस. आणि सासरे जेवत नाहीत हे बघत असताना त्यांना एक प्रश्न विचारला नाहीस, बाबा, कोणत्या आकाराचे? कारण उत्तर काय येईल याची तुला भीती होती."

सुनेने पदराला हात पुसले, फोन काढला आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर नवऱ्याला लावला.

"अहो, उद्याची गाडी रद्द करा. बाबांचं डोकं ठीक आहे. चूक माझी होती." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "नाही, सगळं आत्ताच सांगते. सगळे ऐकतायत, ऐकू दे."

ती सांगत होती तोवर आजोबांनी टेबलावरचे पत्ते गोळा केले. फोन बंद झाल्यावर ते पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"पोरी, घड्याळात धूळ गेली तर मी कधी नुसती फुंकर मारून झाकण लावलं नाही. सगळं उघडायचो. वेळ लागायचा. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं. पण उघडायचो."

"हो बाबा."

"आणि मला भूक लागलीय. चॉकलेट नको."

विळीबाई तांब्या ठेवून उठलीसुद्धा. "भात टाकते," ती म्हणाली, आणि जाता जाता लेकीला बॅगेवरून उठवून बॅग पायाने पलंगाखाली ढकलली.

चिमण्याच्या आईने शाल आवळली. "या घरचं आता तो काही खाणार नाही," ती म्हणाली. "कधीच. हे आत्ताच सांगते."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले.

"खेळायचं काय ते मी बघेन. आज नाही. दोन दिवस त्याला झोप..."

पण चिमणा शालीतून केव्हाच निसटला होता. तो टेबलापाशी गेला, सदऱ्याच्या आतून एक चुरगळलेला पत्ता काढला आणि आजोबांसमोर आपटला. बदाम सत्ती.

"सुरुवात माझी," तो म्हणाला.

आजोबांनी तो पत्ता उचलला, भिंगाखाली धरला, नखाने सरळ केला.

"शनिवारपासून हिच्याशिवाय डाव लावतोय मी, चोरा," ते म्हणाले, आणि पिसायला लागले.